विश्लेषण : किट गावात पोहोचते, पण पुढे काय? ग्रामीण भागात आतड्याच्या कॅन्सरची तपासणी कशी वाढते?

तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – बिना ऑपरेशन’ अशी एखादी पाटी हमखास दिसते. शौचावाटे रक्त पडू लागले की गावातला माणूस बहुधा आधी अशाच ठिकाणी जातो. त्यातल्या बहुतेकांना खरोखर मूळव्याध किंवा फिशरच असते. काहींच्या बाबतीत मात्र ते रक्त मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे असते आणि हे कळेपर्यंत कित्येक महिने निघून जातात.

खरे तर हा कॅन्सर वेळ देणारा आहे. तो होण्याआधीच अडवता येतो आणि त्याची पहिली तपासणी घरच्या संडासात, एका छोट्या डबीत करता येते. तरीही अनेक देशांत या तपासणीत खेडी शहरांच्या मागे राहतात. अलास्का, केंटकी आणि ऑस्ट्रेलियाने ही दरी कमी करण्यासाठी काय केले? भारतात असा कार्यक्रम का नाही? आणि बार्शी-धाराशिवच्या अनुभवातून आपल्याला काय शिकता येईल? जाणून घेऊ.

हा कॅन्सर आधीच कसा पकडता येतो?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी लहान गाठी वाढतात. त्यांना पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप धोकादायक नसतात. काही प्रकारच्या पॉलिपचे मात्र हळूहळू कॅन्सरमध्ये रूपांतर होते. त्याला अनेकदा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

तपासणीसाठी हाच काळ महत्त्वाचा. दुर्बीण घालून आतडे पाहताना, म्हणजे कोलोनोस्कोपी करताना, पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी काढून टाकता येतो. म्हणजे निदान आणि प्रतिबंध एकाच बैठकीत होतात. कॅन्सर झालेला असला तरी तो आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना सापडला, तर बरे होण्याची शक्यता खूप मोठी असते. यकृतापर्यंत पसरल्यावर तीच शक्यता झपाट्याने घटते.

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १९ लाख लोकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ९ लाख जणांचा त्याने मृत्यू होतो. कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर याचाच क्रमांक लागतो. भारतात वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण आढळत असावेत, असा हाच अंदाज सांगतो.

घरच्या घरी होणारी ‘फिट’ तपासणी कशी चालते?

पॉलिप किंवा गाठ मोठी झाली की तिच्यातून अधूनमधून रक्त झिरपते. ते इतके थोडे असते की डोळ्यांना दिसत नाही. ‘फिट’ म्हणजे फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट हे रक्त शोधते. किटमध्ये एक छोटी काडी आणि द्रव भरलेली बाटली असते. शौचाच्या नमुन्यावर काडी फिरवायची, बाटलीत घालून झाकण लावायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. मानवी हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा वापर होत असल्याने आधी मटण किंवा अमुक भाजी खाऊ नका, असे पथ्य पाळावे लागत नाही. जुन्या रक्तचाचणीत ते पाळावे लागे.

शौचातले रक्त शोधून खरेच जीव वाचतात का, याचे ठोस उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, दरवर्षी जुन्या पद्धतीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. फिट ही त्याच कल्पनेची सुधारित आवृत्ती आहे.

नमुना देणे सोपे केले की लोक देतात, हेही दिसून आले. इंग्लंडमध्ये जुन्या किटसाठी तीन वेगवेगळ्या दिवसांच्या शौचाचे नमुने द्यावे लागत. फिटला एकच नमुना पुरतो. तेथील पथदर्शी प्रकल्पात एवढ्या बदलाने सहभाग सुमारे ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेला.

मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. एकदा केलेली फिट दहापैकी साधारण आठ कॅन्सर पकडते, पॉलिप मात्र त्या मानाने कमी. म्हणूनच ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करावी लागते. शिवाय पॉझिटिव्ह येणे म्हणजे कॅन्सर असणे नव्हे. पॉझिटिव्ह येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतो. तो आहे की नाही, हे कोलोनोस्कोपीच सांगते.

मग खेड्यांत गाडे अडते कुठे?

पहिली अडचण अर्थातच संकोचाची. शौचाचा नमुना डबीत भरून कुणाच्या तरी हातात द्यायचा, ही कल्पनाच अनेकांना नकोशी वाटते. त्यातून ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा प्रश्न असतोच. ही अडचण शहरातही आहे.

खेड्यातल्या खास अडचणी पुढे सुरू होतात. कोलोनोस्कोपीसाठी आतडे पूर्ण रिकामे असावे लागते. त्यासाठी आदल्या दिवशी आणि बहुधा त्या दिवशी पहाटेही रेचकाचे दोन ते चार लिटर द्रावण प्यावे लागते. मग तासन् तास संडासला ये-जा. आता कल्पना करा, रुग्णालय ८० किलोमीटरवर आहे आणि सकाळच्या एसटीने जायचे आहे. पोटात रेचक घेऊन अडीच तासांचा बसप्रवास कोण करणार? घरात स्वतंत्र संडास नसेल, तर वयस्कर बाईने रात्रीत पंधरा वेळा बाहेर कसे जायचे?

गुंगीचे इंजेक्शन दिल्यामुळे परतताना सोबत माणूस लागतो. म्हणजे एका तपासणीसाठी दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी बुडते. सुगीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत ही किंमत फार मोठी असते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सहसा कोलोनोस्कोपीची सोय नसते. दुर्बीण, ती चालवणारा प्रशिक्षित डॉक्टर, ती निर्जंतुक करण्याची व्यवस्था, तुकडा तपासणारी प्रयोगशाळा आणि क्वचित आतड्याला इजा झालीच तर शस्त्रक्रियेची तयारी, हे सगळे एका ठिकाणी असावे लागते.

थोडक्यात, डबी गावात नेता येते, कोलोनोस्कोपी नेता येत नाही. ग्रामीण तपासणीचे यश या दोन टप्प्यांतले अंतर कोण आणि कसे पार करून देते, यावर ठरते.

रस्तेच नाहीत, तिथे अलास्काने काय केले?

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील मूळ रहिवाशांमध्ये या कॅन्सरचे प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक दरांपैकी आहे. त्यांची बहुसंख्य गावे रस्त्याने जोडलेली नाहीत. तिथे छोट्या विमानाने, होडीने किंवा हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीने जावे लागते.

जुनी रक्तचाचणी तिथे नीट चालली नाही. त्या भागात ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आहे. त्याने जठराला सूज येऊन रक्तस्राव होतो आणि कॅन्सर नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणून तेथील आदिवासी आरोग्य संस्थेने मेयो क्लिनिकच्या संशोधकांबरोबर शौचातील डीएनए तपासणाऱ्या चाचणीवर काम केले. पॉलिप आणि कॅन्सरमधून गळणाऱ्या पेशींच्या डीएनएमधील बदल ही चाचणी शोधते. अशा चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली. तिचे गणितही वाहतुकीशी बांधलेले होते. नमुना ७२ तासांत प्रयोगशाळेत पोहोचणे आवश्यक होते. विमान हवामानामुळे अडकले की घड्याळ चालूच.

दुसरा उपाय म्हणजे माणसाला शहरात बोलावण्याऐवजी डॉक्टरला त्याच्याजवळ नेणे. दुर्बीण तपासणी करणारे डॉक्टर ठरावीक दिवशी विमानाने विभागीय रुग्णालयांत जातात आणि आसपासच्या गावांतील लोकांच्या कोलोनोस्कोपी तिथे एकत्र केल्या जातात. तारीख ठरवणे, तयारी समजावणे, प्रवासाची सोय पाहणे यासाठी स्वतंत्र कर्मचारी आहेत. त्यांना ‘नेव्हिगेटर’ म्हणतात. धोका जास्त असल्याने तिथे तपासणी चाळिशीतच सुरू करण्याची शिफारस आहे.

संकोचावर त्यांनी काढलेला तोडगा मजेशीर आहे. हवा भरून फुगवलेले, माणूस आत चालत जाऊ शकेल एवढे मोठे आतडे! ‘नोलन द कोलन’ नावाचे हे आतडे गावोगावच्या आरोग्य मेळाव्यांत मांडले जाते. मुले आत शिरतात, पॉलिप बघतात आणि घरी जाऊन आजोबांना विचारतात, ‘तुम्ही तपासणी केली का?’

केंटकी तळातून वर कशी आली?

केंटकी हे कोळसा खाणींचे, डोंगराळ आणि बऱ्याच अंशी गरीब राज्य. १९९९ मध्ये तिथे पन्नाशीपुढच्या साधारण ३५ टक्के लोकांचीच ही तपासणी झालेली होती. अमेरिकेच्या यादीत राज्य तळाला होते. दशकभरात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेले आणि नंतरच्या वर्षांत नवे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही घटले.

त्यामागे कोणतेही नवे यंत्र नव्हते. राज्यातील दोन विद्यापीठांच्या मदतीने प्रत्येक विभागात स्थानिक कॅन्सर समित्या उभ्या राहिल्या. त्यांत डॉक्टर, परिचारिका, आरोग्य विभागाचे कर्मचारी आणि सामान्य नागरिक होते. पाठपुरावा कुठे तुटतो हे प्रत्येक भागात वेगळे असते, म्हणून उपायही तिथल्याच लोकांनी ठरवले. चर्च, कारखाने, जत्रा अशा ठिकाणी हा विषय बोलला जाऊ लागला.

विमा नसलेल्यांच्या तपासणीसाठी २००८ मध्ये कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून पैसा लगेच आला नाही. त्यासाठी काही वर्षे पाठपुरावा करावा लागला. आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल.

पोस्टमन की ओळखीची व्यक्ती? ऑस्ट्रेलियाचा धडा काय?

ऑस्ट्रेलियात सरकार ठरावीक वयाच्या नागरिकांना फिट किट पोस्टाने घरी पाठवते. व्यवस्था उत्तम, किट मोफत, तरी सहभाग ४० टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो. तेथील आदिवासी समाजात तर तो त्याहून बराच कमी होता. म्हणून एक पथदर्शी प्रयोग झाला. किट पोस्टाने न पाठवता, त्या समाजाच्या आरोग्य केंद्रातील ओळखीच्या कर्मचाऱ्याने ते समोर बसून समजावून हातात द्यायचे. सहभाग लक्षणीय वाढला. पुढे आरोग्य केंद्रांतून थेट किट देण्याची सोय देशभर खुली करण्यात आली.

दुसरा धडा उन्हाचा. नमुन्यातील हिमोग्लोबिन उष्णतेने खराब होते. म्हणजे रक्त असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निकालांचे प्रमाण हिवाळ्यापेक्षा कमी आढळले होते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात अति उष्ण भागांत किट थंड महिन्यांतच पाठवली जातात. फ्लॉरेन्सच्या उन्हाळ्यात हे होत असेल, तर मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या ४४-४५ अंशांत दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्याचे काय होईल, याचा विचार करायला हवा. आपल्याकडे अशी मोहीम आखायची झाल्यास तिचे वेळापत्रक कॅलेंडरइतकेच तापमान पाहून ठरवावे लागेल.

पॉझिटिव्ह आल्यानंतर किती वेळ हाताशी असतो?

अमेरिकेत फिट पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे ७० हजार लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपी दहा महिन्यांच्या आत झाली, तर उशिरामुळे धोका फारसा वाढलेला दिसला नाही. त्यानंतर मात्र कॅन्सर सापडण्याचा आणि तो पुढच्या टप्प्यात असण्याचा धोका वाढत गेला. इटलीच्या व्हेनेटो प्रांतातील अभ्यासात, पॉझिटिव्ह येऊनही कोलोनोस्कोपी न केलेल्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ती केलेल्यांच्या दुप्पट आढळले.

म्हणजे उद्याच धावत सुटण्याची गरज नाही, पण कागद कपाटात ठेवून विसरणे जिवावर बेतू शकते.

आता एक साधे गणित मांडू. हे आकडे केवळ अंदाज बांधण्यासाठी आहेत. समजा, एका तालुक्याची लोकसंख्या अडीच लाख आहे आणि त्यातले पाचपैकी एक जण पन्नाशीपुढचा, म्हणजे ५० हजार लोक. निम्म्यांनी नमुना दिला तर २५ हजार. त्यातले ५ टक्के पॉझिटिव्ह आले तर १,२५० जणांची कोलोनोस्कोपी करावी लागेल. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले, तर रोज पाच. एकाच तालुक्यासाठी, दर वर्षी. ही सोय आधी उभी न करता घरोघरी किट वाटले, तर आपण हजारो लोकांना ‘तुम्हाला कदाचित काहीतरी आहे’ एवढेच सांगून वाऱ्यावर सोडू.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम का नाही?

याचे एक कारण समजण्यासारखे आहे. भारतात या कॅन्सरचे वयानुसार समायोजित प्रमाण लाखामागे साधारण पाच आहे, तर अमेरिकेत ते पंचवीसच्या वर आहे. आजार जितका विरळ, तितके निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीतून हाती लागणारे कमी आणि विनाकारण होणाऱ्या कोलोनोस्कोपी जास्त. म्हणून केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिशीपुढच्यांसाठी तीनच कॅन्सरची तपासणी आहे. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा.

या तिन्हींचीही स्थिती फार समाधानकारक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी केवळ १.९ टक्के महिलांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी ना कधी झालेली होती. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी होते.

पण प्रमाण कमी म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. पाश्चात्त्य देशांत हे रुग्ण प्रामुख्याने साठीपुढचे असतात. आणि या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांची तक्रार होती, शौचावाटे रक्त. म्हणजे शरीराने सूचना दिलेली होती.

बार्शी आणि धाराशिवने काय दाखवून दिले?

ग्रामीण भागात कॅन्सर तपासणी होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातूनच उत्तर मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कर्मचारी रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहत नव्हते. ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावत आणि संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात तपासणीसाठी यायला सांगत. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, केवळ या जागृतीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. त्यासाठी सरसकट तपासणी मोहीम घ्यावी लागली नव्हती.

नंतर शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. पॉझिटिव्ह आलेल्या महिलांना पुढची तपासणी आणि उपचार याच प्रकल्पातून मिळाले, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. नुसती चाचणी करून कुणी निघून गेले नव्हते.

कॅन्सर वेगळा असला तरी वाट तीच आहे. ओळखीचा माणूस, सोपी चाचणी आणि पुढच्या उपचारांची आधीच ठरलेली जागा.

महाराष्ट्रात आत्ता काय करता येईल?

सगळ्यांची तपासणी आज शक्य नसेल, तर ज्यांना लक्षणे आहेत त्यांच्यापासून सुरुवात करता येते. इंग्लंडमध्ये पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी कोलोनोस्कोपी कुणाची आधी करायची, हे ठरवण्यासाठी फॅमिली डॉक्टर फिट वापरतात. तेथील ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये तशी शिफारस केली. जिथे दुर्बिणी कमी आणि रुग्ण जास्त, तिथे ही चाळणी उपयोगी ठरू शकते.

- आशाताई तिशीपुढच्यांचा आरोग्य तक्ता घरोघरी भरतातच. त्या भेटीत ‘शौचावाटे रक्त पडते का? किती दिवसांपासून?’ हे दोन प्रश्न आवर्जून विचारता येतील. पुरुष हे आशाताईंना सांगायला कचरतात, तिथे पुरुष आरोग्यसेवकाची मदत घेता येईल.

- प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णाची गुदतपासणी व्हायला हवी. डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने केलेल्या तपासणीत गुदाशयाच्या खालच्या भागातील अनेक गाठी हाताला लागतात. त्याला ना यंत्र लागते, ना वीज. मूळव्याधीचे औषध तपासल्याशिवाय दिले जाणे, हीच खरी गळती आहे.

- जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्याचा एक दिवस ग्रामीण रुग्णांच्या कोलोनोस्कोपीसाठी राखून ठेवता येईल. रुग्णाला आदल्या संध्याकाळीच दाखल करून घेतले, तर रेचक घेऊन बसमध्ये बसण्याची वेळ येणार नाही.

- पाठवलेला रुग्ण खरोखर पोहोचला का, याची नोंद एका व्यक्तीकडे असावी. अलास्कात जे नेव्हिगेटर करतात, ते इथे एखादा समुपदेशक वही आणि फोन घेऊनही करू शकतो.

- मूळव्याधीवर उपचार करणाऱ्या आयुर्वेदिक आणि खासगी डॉक्टरांना या साखळीत घ्यायला हवे. रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो. इतक्या आठवड्यांत रक्त थांबले नाही तर पुढे पाठवा, एवढा एक नियम ठरला तरी फरक पडेल.

मूळव्याध की आणखी काही? वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

मूळव्याधीत सहसा शौचाच्या शेवटी लालभडक रक्त ठिबकते. पण केवळ रंगावरून घरबसल्या निदान करता येत नाही. एकाच माणसाला मूळव्याध आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात. पुढीलपैकी काही असेल तर तपासणी टाळू नका.

- शौचावाटे वारंवार रक्त येणे किंवा रक्तमिश्रित शेम पडणे.
- शौचाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली राहणे. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता.
- जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, सारखी कळ येणे.
- कारण नसताना वजन घटणे, पोटात गाठ लागणे.
- पुरुषांमध्ये किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी होणे. लोहाच्या गोळ्या घेताना रक्त कमी का झाले, हेही डॉक्टरांना विचारा.

आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुलांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्या. अशा कुटुंबांत चाळिशीपासून किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून कोलोनोस्कोपी करण्याची शिफारस असते. उदाहरणार्थ, वडिलांना ४५ व्या वर्षी झाला असेल तर मुलाने ३५ व्या वर्षी.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक उपचारांचा समावेश आहे. आपल्या तपासणीचा खर्च त्यात बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

आणि गावाकडे राहणाऱ्या आई-वडिलांना पुढचा फोन कराल तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर हाही प्रश्न विचारा. ‘बाबा, संडासला रक्त वगैरे पडत नाही ना?’ विचारायला अवघड वाटेल. पण ते स्वतःहून बहुधा सांगणार नाहीत.